वर चाललेला देव

विट्याकडचा गलाईवाला कुठं नाही सांगा! जिथं सराफ, तिथं तिकडचा एक तरी गडी भट्टी फुंकत बसलेला. चंद्रकांत तसाच लखनौच्या चौकात येऊन बसला. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. जुने दागिने वितळवायचे, चोख सोनं काढायचं. गलाईवाला काही म्हणजे काही टाकत नाही बघा. झिजलेली केरसुणीसुद्धा जाळून तिच्यातनं सोन्याचा कण काढील!

आला त्याच वर्षी त्यानं भट्टीपाशी फळी ठोकली आणि खंडोबाचा चांदीचा टाक बसवला. अगदी डोळ्याला डोळा भिडेल असा. भट्टी पेटवण्याआधी देवाचं तोंड बघायचं, मग कामाला हात.

अलीकडं मात्र त्याला देवाचं तोंड दिसेना. आधी दिसायची घोड्याची टाच, मग नुसती फळीची कड. त्यानं भिंत चाचपली. खिळे जुनेच, गंज जुनाच. तरी देव वर चाललेला.

"मालिनी, देव रुसलाय गं," तो बायकोला म्हणाला.

"रुसू दे. तुम्ही आधी ती कंबर दाखवा कुणाला तरी."

कंबर दुखायची, मांड्या दुखायच्या, चालताना बदकासारखा डुलायचा. एकदा नुसती शिंक आली, तर बरगडी कट्कन वाजली. शेजारचा सराफ म्हणाला, "अरे अण्णा, सुपारी फोड़ रहे हो क्या?"

शेवटी तो हजरतगंजात डॉक्टर देवयानींकडं गेला. बाई नागपूरच्या, तोंडाच्या मोकळ्या. तपासण्या बघून मात्र त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"अण्णा, दागिन्यांच्या डाखात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असतं. भट्टीत त्याचा धूर होतो. ते तुमच्या मूत्रपिंडात साठलंय. त्यामुळं हाडांचं बळ लघवीवाटे जातंय. हाडं मऊ पडलीत, मणके दबलेत. तुम्ही बुटके झालात. लोकांचं सोनं चोख केलंत आणि हीण स्वतःकडं ठेवलंत."

चंद्रकांत हसला. "मग मला जाळल्यावर राखेतनं निघंल का हो ते?"

बाई हसल्या नाहीत. "भट्टी आजच बंद. नाहीतर उभं राहणंही जाईल."

घरी येताना त्याला हलकंच वाटलं. देव रुसला नव्हता. फळी होती तिथंच होती. भट्टी विझवायची, औषधं घ्यायची, झालं!

मालिनी भट्टीपाशी राख गोळा करत होती. तिचं रोजचंच काम. धुराचे कपडेही तीच धुवायची. त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे देव हलला नाही?"

"न्हाई गं. मीच खाली आलो."

तिनं फळीकडं बघितलं. मग फळीखालचा पाट तिनं पायानं हळूच पुढं ढकलला. त्याला वाटायचं, बसायला ठेवलाय.

"मग अहो," ती म्हणाली, "दिवा लावायला मला याच्यावर चढावं का लागतं? आधी तर माझा हात पोचत होता."

चंद्रकांतनं बादली उचलली आणि भट्टीत रिकामी केली. निखारे फसफसले. वाफ उठली, तशी दोघांनी एकदमच पदरानं-रुमालानं तोंडं झाकली.