पवनीच्या घाटावर गोवर्धनचं पोट दुखलं

गोवर्धन हा गोरेगावजवळच्या एका खेड्यातला धानाचा शेतकरी. मेहनती, सरळ, पण आपलं ते आपलंच ठेवणारा. त्याच्या बैलांना दुसऱ्यानं चारा टाकलेलाही त्याला खपायचा नाही. बायकोच्या बाबतीतही तेच. रुख्माबाई माहेरी जरा जास्त राहिली की हा सायकल काढून आणायला हजर. "जावयाचा फार जीव आहे," असं सासरवाडीचे कौतुकानं म्हणत. त्यात जीव किती नि धुसफूस किती, हे रुख्माबाईलाच ठाऊक.

यंदा धान विकून झाल्यावर मुलगा प्रफुल म्हणाला, "माय, तुले पवनी पाहाची होती ना? चाल, जाऊ." वैनगंगेकाठच्या त्या गावातल्या देवळांच्या गोष्टी रुख्माबाई लहानपणापासून ऐकत आली होती. प्रफुल, सून नूतन आणि ही दोघं, अशी चौघं गाडी करून निघाली.

जुन्या किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरून, गणपतीचं दर्शन घेऊन मंडळी घाटावर आली. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, वर देवळं. रुख्माबाई बेलफूल घ्यायला एका नारळ-फुलांच्या दुकानाशी थांबली, तर दुकानदार तिच्याकडे पाहतच राहिला.

"रुख्मा नोहोस का तू? बोदलकशाची?"

गोवर्धन चमकला. घरात ती प्रफुलची माय, गावात गोवर्धनची बायको. त्यानं स्वतः तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. आणि हा पांढऱ्या केसांचा परका माणूस खुशाल रुख्मा म्हणतो!

"जागेश्वर! अगा, तू इथं कसा?" रुख्माबाईचा चेहरा असा फुलला, की गोवर्धनच्या अंगाची आग झाली.

जागेश्वर तिच्या माहेरचा, बोदलकशाचा, लहानपणचा सवंगडी. घरजावई होऊन पवनीला आला नि इथलाच झाला. दुकान बायकोवर सोपवून तो पाहुण्यांना गाव दाखवायला निघाला. रुख्माबाई एकामागून एक प्रश्न विचारत होती, पदर तोंडाला लावून हसत होती. गोवर्धन मागून पाय ओढत चालला होता. एकाही देवाला त्यानं धड हात जोडले नाहीत.

शेवटच्या पायरीवर बसून जागेश्वर प्रफुलला म्हणाला, "तुह्या मायनं माहा जीव वाचवला, बाबू. तलावात म्हशीमागं गेलो अन् बुडालो. हे पोट्टी पवत आली, अन् केस धरून काढलं मले भाईर."

"तुमाले पवता येते, माय?" नूतन थक्कच झाली.

"येत होतं बापा तवा."

गोवर्धनला हे ठाऊक नव्हतं. आभाळ भरून आलं की तिचं डोकं दुखतं, हेसुद्धा तो जाणून होता. पण तिला पोहता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि या नारळवाल्याला ठाऊक होतं.

पलीकडच्या काठावर एक लहान देऊळ दिसत होतं. "डोंगा माहाच आहे, चाला," जागेश्वर म्हणाला. रुख्माबाईनं काठाला लागलेल्या त्या होडीत एक पाय टाकलासुद्धा. तेवढ्यात गोवर्धन पोट धरून खाली बसला.

"प्रफुल, माह्या पोटात दुखून राहिलं. गाडी काढ."

रुख्माबाईनं पाय मागे घेतला. सरळ गाडीकडे चालू लागली.

परतताना साकोलीला गाडी थांबली. प्रफुलनं गोळ्या आणल्या, नूतननं गरम भजी. वास आला तसा गोवर्धनचा हात आपसूक पुढे गेला. रुख्माबाईनं पुडा ओढून घेतला.

"पोटात दुखते ना तुमच्या? काऊन दुखते, ठाऊक आहे मले."

त्यानंतर तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, निघून जायची. शेवटी एका संध्याकाळी अंगणात गोवर्धननंच विचारलं, "त्याले पाण्यातून काढलं, हे मले कायले नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं मले माहेरी जाऊ देलं असतं का जी तुमी?"

 तो उठून गोठ्यात गेला आणि चारा टाकलेल्या बैलांना पुन्हा चारा टाकून आला.

आठवडाभर तो कुढत राहिला. मग एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून म्हणाला, "चाल, पवनीले जाऊ. एस.टी.नं."

"अन् पोट?"

"बरं आहे."

या खेपेला डोंग्यात तो मुद्दाम जागेश्वर आणि बायकोच्या मध्ये बसला. मधोमध डोंगा डुलला, तसं त्यानं रुख्माबाईचं मनगट घट्ट पकडलं. जागेश्वर दुसरीकडे पाहत वल्हवत राहिला. पलीकडे रुख्माबाई देवळाभोवती सावकाश फिरली. दोघं पुरुष दगडावर बसून एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होते. 

निघताना रीत म्हणून गोवर्धनच्या तोंडून निघून गेलं, "येजो गा एकडाव घरी."

"येत्या इतवारीच येतो," जागेश्वर म्हणाला.

परतीच्या गाडीत रुख्माबाई भाजी कोणती करायची ते ठरवत होती, आणि गोवर्धन मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता.

रविवारी जागेश्वर खरंच आला, बायकोला घेऊन. गोवर्धननं स्वतःच्या हातानं त्याला भात वाढला, थोडा कमीच. रुख्माबाईनं ते पाहिलं, जागेश्वरच्या ताटात आणखी एक मोठा चमचा भात टाकला, आणि गोवर्धन मुकाट्यानं जेवत राहिला.