त्या शनिवारचा वारा

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका पारखी माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी न सांगितल्यास ते स्वतः सांगतात. पुरावा नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी नसतेच. आल्मेरेतलं घर घेण्याआधी त्यांनी भर पावसात पाच शेजाऱ्यांच्या बेल वाजवून छत गळतं का याची चौकशी केली होती. घसा धरला तेव्हा हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, "आ करा" म्हटलं, तर "आजवर किती घसे पाहिलेत?" एवढं विचारण्यापुरतंच त्यांनी तोंड उघडलं.

शिकायला अमेरिकेत होते तेव्हा जडलेलं तिकडच्या फुटबॉलचं वेड त्यांनी इथे आणलं. धडका नाहीत, कमरेची पट्टी ओढायची, असा सौम्य प्रकार. संघ त्यांचा, शिट्टी त्यांची. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, आठ वर्षं मी. यंदा माझा खांदा कुरकुरू लागला आणि नेमका डेल्फ्टला शिकणारा एक पोरगा संघात आला. ती जागा मला सोडायची नव्हती, हे कबूल करतो. ऑफिसात मला कुणी विचारत नाही. शनिवारी निदान सगळे माझ्या हाताकडे बघतात.

मेहुण्यांनी पोराला चक्क कांदेपोह्यांना बोलावलं. मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण, पदवीनंतर इथेच राहणार की परत जाणार? पोरगा कंटाळून म्हणाला, "काका, एकदा माझा थ्रो तर बघा!"

"थ्रो कुणीही करेल. रेकॉर्ड कुठाय? आमच्या जावईबापूंचं आठ वर्षांचं आहे."

मी नम्रपणे आणखी पोहे घेतले.

तरी शनिवारी चाचणी झाली. पोराचे पाचही चेंडू धावणाऱ्याच्या थेट हातात. माझे चार अर्ध्यात पडले, पाचवा मेहुण्यांच्या बुटाशी. त्यांनी वहीत काहीतरी खरडलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "आज वारा फार आहे. जावईबापूच खेळतील."

मी मैदानावरच्या झेंड्याकडे पाहिलं. आल्मेरेत वर्षातून एखाद्याच दिवशी लोंबावा तसा तो निपचित लोंबत होता. डॉक्टरवरही विश्वास न ठेवणारा हा माणूस माझ्यासाठी सगळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलत होता. मला भरून आलं. मी मनगटावरचा, खेळाच्या चाली लिहिलेला क्वार्टरबॅकचा पट्टा सोडला आणि पोराच्या हातात दिला.

हल्ली मी मैदानाबाहेर मेहुण्यांशेजारी उभा असतो. पोरगा झकास खेळतो. मेहुणे मात्र दर शनिवारी बोट ओलं करून हवेत धरतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "त्या दिवशी वाराच होता."

मी हो म्हणतो.