खुणेवरची वीस मिनिटं

थोरली वर, धाकटी खाली आणि मधे बेचाळीस पायऱ्या. सात महिन्यांत दोघी बहिणींनी एकमेकींना हातसुद्धा लावला नव्हता.

धाकटी शिवणकाम करायची. दुपारी चार वाजले की पायमशीन झाकायची, पदराला चिकटलेले दोरे झटकायची आणि तिसऱ्या मजल्यावर थोरलीची वेणी घालायला जायची. थोरलीचं दम्यामुळे जिना चढणं-उतरणं कधीच सुटलं होतं. अशातच एके दिवशी धाकटी ओल्या फरशीवरून घसरली आणि डावी नडगी मोडली. हाडात सळई बसली, आणि जिना तिलाही बंद झाला.

आता थोरली दोरीने टोपली खाली सोडायची आणि वरूनच ओरडायची, "चिमणे, कामवाली वेणी घालते की पेंढी बांधते, देव जाणे! कधी येतेस?"

"येते गं अक्का. हाड जुळू दे."

महिनाभरातच धाकटीने डॉक्टरांना विचारलं होतं, "ध्वनिलहरींचं मशीन असतं म्हणे. ते लावा ना, लवकर जुळेल."

"मावशी, तुमचं हाड ताजं मोडलंय आणि नीट जागेवर बसलंय. ते आपलं आपण जुळतं. मशीनने लवकर जुळतं असं काही दिसलेलं नाही. उगीच कशाला?"

पण सहा महिने उलटले तरी एक्स-रेच्या फोटोत मोडीची काळी रेघ होती तिथेच होती. तेव्हा डॉक्टर आपणहून म्हणाले, "आता मशीनचा विचार करू. सळई घट्ट आहे, फट बारीक आहे, जखमेत पू नाही. फट मोठी असती किंवा हाड हलत असतं, तर मी मशीनचं नावही काढलं नसतं. खरं तर दुसरं ऑपरेशन करायचं, पण तुमच्या कमजोर हृदयाला पुन्हा भूल नको. गुण येईलच असं मात्र सांगत नाही." त्यांनी नडगीवर पेनाने फुली मारली. "रोज वीस मिनिटं, बरोबर इथेच."

त्याच आठवड्यात थोरलीच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, ठरवलं की आईला महिनाअखेरीस आपल्या गावी न्यायचं. धाकटीचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती म्हणायची, "फार नको. एकदा वर जाऊ दे, एक वेणी घालू दे."

मशीन लावलं की काहीच जाणवायचं नाही. ऊब नाही, मुंग्या नाहीत. शेजारीण म्हणाली, "माझ्या खांद्याला लावायचे तेव्हा कसं छान शेकायचं! तुमचं बिघडलंय बहुतेक." आता खांदा शेकायचं मशीन वेगळं आणि हाडाचं वेगळं, हे त्या दोघींना कोण सांगणार? धाकटीने आपलं डोकं चालवलं. दुखतं कुठे, तर गुडघ्यात. मग औषधही तिथेच हवं. तिने मशीनचा पट्टा वर सरकवून गुडघ्यावर बांधला. वीस दिवस, एकही न चुकता.

तपासणीच्या दिवशी सिस्टरने पाय पाहिला. "मावशी, फुली कुठाय?"

"धुतली गेली. पण मी गुडघ्यावर लावते ना, दुखतं तिथे."

"अहो, गुडघा सळईमुळे दुखतो! मोड इथे, चार बोटं खाली. घर एकीकडे आणि कुलूप भलतीकडेच लावलंत की!"

सिस्टरने नवी फुली मारली. धाकटीने घरी येऊन देवापुढे हात जोडले. तुला काय बोलू, खूण दाखवली होतीस, मीच पुसली.

महिनाअखेर आलीच. दुपारी धाकटी फुलीवर पट्टा बांधून बसली होती, तोच जिन्यात धापा आणि दटावणी ऐकू आली. "अरे, सावकाश! माणूस आहे मी, कपाट नाही!" दोन माणसांनी खुर्चीसकट थोरलीला खाली आणलं होतं. दारात खुर्ची टेकली.

थोरलीने धाकटीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "बारीक झालीस गं." आणि खुर्ची धाकटीजवळ सरकवायला लावून, वेणीसाठी तिच्याकडे पाठ करून बसली.

धाकटीने मशीन काढलं नाही. पाय स्टुलावर तसाच ठेवून तिने फणी घेतली. थोरलीचे केस किती विरळ झाले होते! हाताला हलके लागले. भाचा घड्याळ पाहत म्हणाला, "मावशी, गाडी थांबलीय."

"थांबू दे. वीस मिनिटं मला हलता येत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

थोरलीचे खांदे हसण्याने हलले. धाकटीने तीन पेड घेतले, सोडले, पुन्हा घेतले. मशीन पिपिप् वाजलं तेव्हा वेणीचं टोक अजून तिच्या मुठीत होतं.

"अक्का, तुझ्या लेकाच्या घराला पायऱ्या किती?"

"पाच."

"पाचच ना," धाकटी म्हणाली, आणि टोकाला दोरा गुंडाळू लागली.