आरोंद्याच्या खाडीत जीन आला

कृषी खात्यात फायली बांधायला दोरी मिळते, किस्से बांधायला मिळत नाही. ते ऑफिसभर पसरतात आणि दुपारी डबे उघडले की बाहेर पडतात. आमच्या सावंतवाडीच्या ऑफिसात तर जनुक बदललेल्या पिकांचे, म्हणजे गावच्या भाषेत 'जीना'चे, इतके किस्से साठलेत की विचारू नका. सगळे आरोंद्याचे. ते गाव माझ्याकडे आहे, मी कृषी सहायक!

* * *

आमचे साहेब यवतमाळचे. जन्म कपाशीत गेला. आरोंद्यातल्या पहिल्याच सभेत जोरात विचारलं, "तुमच्याकडे बोंडअळीचा त्रास कितपत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागून आवाज आला, "साहेबानू, हय अळी नाय, हय माकडा आसत! माकडाक कडू लागात असो नारळ जीनान करूक येता काय?"

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं आणि चहा मागवला.

* * *

गावचे मानकरी आबा म्हणजे जीनाचे कट्टर विरोधक. मोबाईलवर येतील तेवढे व्हिडिओ बघतात. भर सभेत उठून म्हणाले, "परदेशात टोमॅटोत माशाचो जीन घालतत!"

सभा हादरली. मग एकाने हळूच विचारलं, "आबानू, मग तो टोमॅटो श्रावणात चलात काय?"

साहेबांनी गंभीरपणे खुलासा केला, "असा टोमॅटो बाजारात कधी आलेलाच नाही." निम्मी सभा निराश होऊन घरी गेली.

* * *

मी एकदा आबांना समजवायला गेले. म्हटलं, "आबा, तुमच्या हापूसचं कलम करता, ते काय निसर्गाने केलं?"

"कलम म्हणजे रीतसर लगीन, बाय! दोनय घरची पसंती. ह्यो जीनाचो प्रकार म्हणजे पळवन आणूचो!"

शेजारी बाबी बसला होता. तो खाडीकाठचा शेतकरी, तोंडाने फटकळ. म्हणाला, "आबानू, ती होडी इसारलात?"

माई, म्हणजे आबांची बायको, आतून खळखळून हसली. तिला आबांनी तरुणपणी खाडीपलीकडून, गोव्यातून होडीत घालून पळवून आणलं होतं! त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड झाला होता.

* * *

हा बाबी मात्र जीनाची वाट बघत होता. खाडीचा बांध फुटलेला, भरतीचं खारं पाणी थेट त्याच्या शेतात. पूर्वी अख्खा गाव मिळून तो बांध बांधायचा. आता निम्मी पोरं गोव्यात कामाला आणि बाकीच्यांची शेतं उंचावर. "तुझो बांध, तू बघ" म्हणून सगळे मोकळे. एकट्याने तो बांध कसा उचलणार?

त्यात खारेपणा सोसणाऱ्या नव्या भाताची बातमी आली. झालं! दर मंगळवारी बाजाराला आला की बाबी ऑफिसच्या दारात. "बाय, इला काय ता बियाणा?"

मी सांगायची, "नाही रे अजून. जगभर वाद चाललाय त्यावर."

"जगाक वाद घालूक वेळ आसा. माझ्या वाफ्यात चिंगळा फिरतत!"

भाताच्या वाफ्यात कोळंबी! आम्ही सगळे हसलो, तोही हसला. मग जाता जाता म्हणाला, "घरच्या भाताची पेज खावन किती वर्षा झाली, बाय." मी उघडलेला डबा तसाच बंद केला.

* * *

साहेबांनी बाबीला समजावलं, "या नव्या भातात बाहेरचा जीन नाही, भाताच्याच जीनात थोडी दुरुस्ती केलीय." हे आबांच्या कानावर गेलं; त्यांच्या लेखी जीन तो जीनच! त्यांनी पेरणीआधी देवळात गाऱ्हाणंच ठेवलं. मानकरी देवाला मागणं घालणार आणि प्रत्येक मागण्याला गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणणार, ही आमची रीत. साहेबांनी विचारलं, "मला मालवणी कळत नाही, मी काय करू?" मी म्हटलं, "सगळे म्हणतील तेच म्हणा."

आबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्यो सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गावात कोणी जीनाचा बियाणा आणल्यान, तर ता रुजा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने बाबीही म्हणाला. साहेबही म्हणाले, चांगले खणखणीत! बाबीचा चेहरा खर्रकन उतरला. देवासमोर दिलेला शब्द तो, आता मागे कसा घेणार?

आबा नारळ फोडणार, इतक्यात बाबी हात जोडून पुढे झाला.

"आणि म्हाराजा, जेच्यासाठी ता बियाणा होया होता, ता खारा पाणीच माझ्या शेतात येवा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यासाठी फुटलेलो बांध बांधूची बुद्धी ह्या गावाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांनी खाडकन डोळे उघडले.

"उद्या सकाळी घरटी एक माणूस फावडा घेवन बांधार धाड रे म्हाराजा! आणि सगळ्यात पुढे आमचे आबा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माईचा होता.