पोत्यावर बसून घर बघणारे काका

अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्या काकांइतका चिकित्सक माणूस शोधून सापडणार नाही. मी वासावरून माणसं पारखणारा कुत्रा आहे, तेव्हा या बाबतीत माझा शब्द मानायला हरकत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत काकांनी आयुष्यभर तयार माल तपासला. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते माणसं तपासू लागले. रस्त्यावरचं जखमी कुत्रं घरी आणायचं, बरं करायचं आणि चांगलं घर बघून देऊन टाकायचं, हा त्यांचा उद्योग. कुत्रं खरुजलेलं असो, कानतुटकं असो की चावरं असो, काकांकडे ते कायम पास. नापास व्हायची ती घरं.

मला त्यांनी एका कारखान्याच्या फाटकासमोरून उचललं. निवृत्त झाले तरी सकाळचा चहा ते तिथल्याच टपरीवर पीत. माझा मागचा पाय टेम्पोखाली सापडला होता. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल. काका म्हणाले, "काढा. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन पायांची तिवई कवाच डुगडुगत न्हाई." मी तेव्हा जिवाच्या आकांताने विव्हळत होतो, तरी या बोलण्याने मला धीर आला हे कबूल केलं पाहिजे. पुढे महिनाभर त्यांनी मला स्वतःच्या हाताने दूधभात भरवला आणि मी तो न चावता गिळतो म्हणून रोज बोलणीही ऐकवली.

घर बघायला जाताना ते इस्त्रीचा सदरा घालत आणि सोबत एक रिकामं पोतं घेत. कुत्रं जिथे राहणार त्या जागी ते पोतं अंथरून भर दुपारी स्वतः तासभर बसत. सावेडीतल्या एका बंगल्यात असे ते जिन्याखाली बसले. घरच्या बाईंनी संकोचून सोफ्यावर बसा म्हटलं, तर म्हणाले, "कुत्र्याला सोफ्यावर बसवनार हाय का? मग मला कशाला?" कुत्र्याला काय घालणार म्हणून विचारलं, उत्तर आलं शिळी पोळी, तर तीच मागून खाल्ली. पाऊण वाजता जिन्याखाली ऊन आलं आणि काका उठले. पोळी पास, जागा नापास. काकू कपाळाला हात लावून म्हणत, "अहो, कुत्रं देताय का पोरगी?" काकांना हा प्रश्नच कळत नसे. म्हणूनच ते कुत्र्यांना नाव देत नसत. नाव सासरी ठेवतात, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र त्यांनी सोन्या म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्यासाठी पाहिलेलं एकही घर त्यांना पसंत पडेना. एका घरातला कुकर फार जोरात शिट्टी देतो, दुसऱ्या घरातला माणूस बोलताना खाली बघतो. तीन वर्षं अशीच गेली. घरात एका वेळी एकच कुत्रं, हा काकूंचा नियम पक्का. तशात त्या टपरीपाशी गरम पाण्याने पाठ भाजलेली एक कुत्री येऊन पडली. चहावाला तिला पाव घालून कसाबसा जगवत होता. काका रोज तिला मलम लावून येत आणि घरी आले की माझ्याकडे बघायचं टाळत. मी गेल्याशिवाय ती घरात येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटी तिसगावहून एका मावशींचा कुत्रं हवं असल्याचा निरोप आला. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जात, आणि मग घरात मावशी आणि दोन शेळ्या. काका मला घेऊन गेले, पडवीत पोतं अंथरून बसले. तास झाला, दोन झाले.

"दादा, अजून किती येळ बसनार?" मावशी म्हणाल्या.

"सावली सरकती का बघतोय."

"सावली न्हाई सरकत. तुमीच सरका आता, त्याची जागा हाय ती."

काकांनी पाण्याचं भांडं पाहिलं, ते भरलेलं. छपराकडे पाहिलं, ते धड. "शेळ्या शिंगं मारतील याला."

"मारतील की. ह्यो बी शिकंल. तुमी समद्यांला इचारत हिंडता, कवा ह्याला इचारलंय का?"

खरंच, मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मावशींच्या लुगड्याला बाजरीच्या पिठाचा आणि शेळ्यांचा वास होता. मी जाऊन त्यांच्या पायावर डोकं टेकलं. काका पोत्यावरून उठले. पोतं मात्र त्यांनी उचललं नाही.

भाजलेली कुत्री दुसऱ्याच दिवशी काकांच्या घरी आली, हे मावशींना आलेल्या फोनवरून मला कळलं. पण त्याआधीची ती दुपार काही केल्या विसरता येत नाही. मावशींच्या घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत वाट सरळ आहे, तरी काका मध्येच थांबले आणि त्यांनी चपलेतला खडा काढला. पुढे जाऊन पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नंतर काहीच कारण नसताना वळून नुसते उभे राहिले. त्यांच्यामागे धावावंसं मला फार वाटलं. मी धावलो असतो, तर त्यांनी मावशींच्या घरात काहीतरी खोट काढून मला नक्की परत नेलं असतं. म्हणून एसटी दिसेनाशी होईपर्यंत मी जागचा हललो नाही.