खोकल्यावर मिळालेला खो

आता तुम्हाला म्हणून सांगते, पण हसायचं नाही हं! कॉलेजात असताना खो-खोतला एक जबरदस्त डावपेच माझ्या नावावर जमा होता. आणि तो डावपेच म्हणजे निव्वळ माझा भित्रेपणा!

मी जन्माची दचकी. दाराची कडी वाजली तरी हातातली वाटी उडायची. अशी मुलगी टीममध्ये कशी? अहो, नवव्या मुलीचं लग्न ठरलं, म्हणून!

सर सारखे ओरडायचे, "पायानं नाही, डोक्यानं खेळ! पळणारी कुठं वळणार, हे तिच्या आधी तुले कळलं पाहिजे." मला तर मी कुठं वळणार तेच कळायचं नाही.

सेमीफायनलच्या सकाळी सर म्हणाले, "आज जमलं नाही, तर उद्यापासून तू बाहेर."

झालं! मी चौकटीत जाऊन बसले. त्यांची शेवटची पळणारी माझ्या समोर, आणि तिला धरायला आलेली आमची कॅप्टन कुंदा माझ्या पाठीमागे. खो मला देते की पुढचीला? तेवढ्यात कोराडीहून मॅच बघायला आलेले कुंदाचे मामा कडेला बिडी ओढता ओढता खोकले.

"खॉ!"

केवढी दचकले मी! उठले नाही हो, जागच्या जागी खांदे उडाले. पळणारीला वाटलं, मला खो मिळाला. ती गर्रकन ओळीतून पलीकडे घुसली, ती थेट कुंदाच्या हातात! बाद!

सर धावतच आले. "काय हुल दिली वं पोरी! याले म्हणतात डोकं!"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं ना? पण टीममधली जागा वाचत होती. मी आपली विनयानं मान खाली घातली.

मग काय विचारता! सरांनी मला नव्या मुलींना हुल शिकवायला लावलं. एकीनं विचारलं, "ताई, नेमकी कधी द्यायची?"

"ते आतून येतं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते!

फायनलचा सगळा बेत सरांनी माझ्या त्या हुलीवर रचला. शेवटचं मिनिट, एकीला बाद केलं की जिंकलो. पळणारी माझ्याच समोर. मी तिचा खांदा बघतेय, पाय बघतेय, हुल आत्ता देऊ की थोडं थांबू? पाठीत थाप पडली. "खो!"

मी ढिम्म.

"खो! अवं ऊठ ना! काय करून राहिली?" कुंदा किंचाळली.

"थांब ना," मी मागे न बघता म्हटलं, "विचार करून राहिली मी!"

शिट्टी वाजली. हरलो.

मग रडत रडत सगळं कबूल केलं. सरांनी डोक्यालाच हात लावला.

"जाऊ दे पोरी," ते म्हणाले, "चूक माझीच. पुढच्या वर्षी तुले घेतो. पण विचार मी करीन. तू फक्त दचकत जा."