हॅलो, नाक कसं आहे?

नोकरी कुठलीही असो, किस्से साचतातच. बँकेत साचतात, शाळेत साचतात, एसटीच्या डेपोत तर ढिगाने साचतात. पण आमच्याकडचे किस्से जेवताना सांगता येत नाहीत, ही मोठी पंचाईत! कारण आमचं सगळं काम नाकाचं.

मी डॉक्टर नाही. तळेगावच्या एका हॉस्पिटलात सायनसच्या ऑपरेशनवर एक अभ्यास चालू आहे, त्याची मी कोऑर्डिनेटर. ऑपरेशन आमचे डॉक्टर, म्हणजे सर, करतात आणि नंतर वर्षभर, दर महिन्याला, पेशंटला फोन मी करते. नाक चोंदतं का, डोकं दुखतं का, झोप लागते का, वास येतो का. लग्नात कुणी विचारलं, "काय करते हल्ली मुलगी?" की माझी आई घाईघाईने म्हणते, "रिसर्चमध्ये आहे," आणि लगेच जिलबी पुढे करते. पुढचं कुणाला विचारूच देत नाही!

* * *

पहिल्याच आठवड्यात पवनानगरच्या बबनभाऊंना फोन लावला. ते शेअर जीपमध्ये होते.

"मोठ्यांदा बोला म्याडम, घरघर लय हाय. थांबा, स्पीकरवर टाकतो."

मी नवी होते, टाकू दिलं. सर्दी? कमी. डोकेदुखी? न्हाई. मग विचारलं, "रात्री घोरता का?"

"छ्या! आता आजिबात न्हाई."

मागच्या सीटवरून आवाज आला, "खोटं बोलतोय! लय घोरतोय!"

मी गोंधळले. "आपण कोण? घरचेच का?"

"न्हाई वो, शेजारी. आमची भिंत एकच हाय!"

त्यावर मग अख्ख्या जीपने आपापलं मत दिलं. ड्रायव्हरनेसुद्धा. तेव्हापासून मी आधी विचारून घेते, "स्पीकरवर नाही ना?"

* * *

आमच्या यादीत माझा सगळ्यात जास्त जीव अडकला तो लोणावळ्याच्या दळवीनानांपाशी.

नानांचं बाजारामागच्या गल्लीत चिक्कीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे भट्टी, मध्ये दार. नाना काउंटरवर गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता नुसत्या वासावरून आत ओरडायचे, "उतरव!" आणि आत गुळाचा पाक अगदी तेव्हाच तयार झालेला असायचा. पाक जरा पुढे गेला की चिक्की कडू, हे नाना कुणालाही बजावून सांगतात. पुढे त्यांच्या नाकात पॉलिप, म्हणजे मांसाचे मऊ कोंब, वाढले, द्राक्षाच्या घडासारखे, आणि वासच गेला. दोन-तीन कढया करपल्या. तेव्हा नानांनी झारा मुलाच्या, महेशच्या हातात दिला आणि म्हणाले, "वास येईपर्यंत मी कढईपाशी उभा राहणार नाही."

ऑपरेशनच्या आधी त्यांनी सरांना एवढंच विचारलं, "श्वासाचं सोडा डॉक्टर, वास येईल का?"

खोटा धीर देणं सरांना जमत नाही. ते म्हणाले, "येऊ शकतो. येईलच असं नाही. कुणाचा येतो, कुणाचा नाही आणि का, तेच तर आम्ही शोधतोय."

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "मग शोधा की भराभर! दिवाळी तोंडावर आलीये!"

ऑपरेशन उत्तम झालं. नाक मोकळं झालं. महिन्याने मी फोन केला. "वास येतो का, नाना?"

"लिहा, नाही."

* * *

हल्ली या ऑपरेशनला एक यंत्र असतं. पेशंटचा स्कॅन त्यात घातला की सरांची दुर्बीण नाकात नेमकी कुठे आहे, ते पडद्यावर दिसतं. आंबीच्या कारखान्यांचा माल ट्रकने मुंबईला नेणारे दत्ताभाऊ भूल देण्याआधी टेबलावर पडून त्या पडद्याकडेच बघत होते.

"साहेब, ह्यो नकाशा कसला?"

सरांना समजावून सांगायची हौस दांडगी. "हे तुमचं नाक. या बाजूला डोळा, वर मेंदू. मधून ही एवढीशी वाट, तिथून आपल्याला जायचंय."

दत्ताभाऊंनी वाट नीट बघून घेतली. भूल देणाऱ्या मॅडमनी मास्क पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

"म्हंजी घाटच की ह्यो! साहेब, हात जोडतो. ओव्हरटेक करू नका!"

* * *

ऑपरेशननंतर सगळ्यांनीच मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं असतं. त्या पाण्यात सूज उतरवणारं औषधही घातलं तर जास्त फायदा होतो का, हा आमचा प्रश्न. म्हणून निम्म्या पाकिटांत मीठ आणि औषध, निम्म्यांत नुसतं मीठ. पाकिटं दिसायला सारखी. कुणाला कुठलं मिळालंय, ते सरांनाही माहीत नसतं. पेशंटना हे सगळं आधीच सांगून त्यांची सही घेतलेली असते.

बबनभाऊ आणि त्यांच्याच गावच्या शेवंतामावशी एकाच जीपने तपासणीला यायचे. मी मावशींना विचारलं, "पाकिटं संपली का?"

"संपली की. दोघांची मिळून."

मी पेन खाली ठेवलं. "मिळून म्हणजे?"

"एकात औषद हाय न् एकात न्हाई, आसं तुमीच म्हनला ना? मग कुनाच्या वाट्याला काय आलंय कुनाला ठावं? आमी दोगांची एका डब्यात कालवली आन् निम्मी निम्मी घेतली!"

मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी ऐकलं आणि दोघांच्या फायली बाजूला काढल्या. "अहो मावशी, अभ्यासाचा पार चिवडा केलात! आता दोघांनाही त्यातून काढावं लागेल."

"काढा की," मावशी म्हणाल्या. "पर नाक दोगांचं बी मोकळं झालंय, तेवडं आदी लिवा!"

* * *

मावशींना अभ्यासातून काढलं, पण फोन मी करतच राहिले. फोन थांबवलेले त्यांना चालले नसते आणि मलाही करमलं नसतं. एकदा मावशींनी फोन उचलला तो रडतच.

"म्याडम, तुमचं आप्रेशन फेल गेलं. दिसभर गुलाबं तोडतीय, येकाचा वास यील तर शप्पत!"

मावशी फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जातात. सरांनी त्यांना तातडीने बोलावलं. दुर्बीण घालून बघितलं, नाक स्वच्छ. वास ओळखायच्या चाचणीतली लवंगेची बाटली दिली, ओळखली. कॉफी ओळखली. संत्रं ओळखलं. मग गुलाबाचाच तेवढा का येत नाही? सर विचारात पडले. दोन पुस्तकं उघडली. कुणीतरी आभार मानायला आणलेला गुच्छ टेबलावर होता, त्यातला एक गुलाब उपसून मावशींच्या नाकाखाली धरला.

"न्हाई."

सरांनी स्वतः हुंगला. परत हुंगला. मग माझ्याकडे दिला. मी हुंगून आमच्या विभागाच्या वंदना सिस्टरकडे दिला. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.

शेवटी सरांनी पॉलिहाऊसच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "डॉक्टर, या जातीला वास कुठला? टिकतो मात्र भरपूर!"

मावशींनी डोळे पुसले. "आगं बया! आन् मी इतकी वर्सं समजत हुते, माजंच नाक बंद!"

* * *

त्या वासाच्या बाटल्यांचाही एक किस्सा आहे. आधी बाहेरून मागवलेली पेटी होती. तिच्यातले निम्मे वास आपल्याकडे कुणी जन्मात घेतलेले नव्हते, त्यामुळे धडधाकट माणसंही नापास व्हायची. मग वंदना सिस्टरने घरचे जिन्नस आणून नवी पेटी केली. लवंग, कॉफी, संत्रं, हिंग वगैरे.

एके दिवशी मी रजेवर होते म्हणून चाचणी घ्यायला सर स्वतः बसले. पहिल्या पेशंटला कॉफी दिली. तो म्हणाला, "हिंग." संत्रं दिलं. "हिंग." दुसरा पेशंट, तिसरा पेशंट, सगळ्या बाटल्यांना हिंगच! सर हरखले. ऑपरेशननंतर काहींना वास बदलून येतात, यावर परदेशात बरंच लिहिलं जातंय. आपल्याला तर इथे मावळात घबाडच सापडलं! सरांनी पेपरचं नावसुद्धा लिहून ठेवलं.

दुपारी सिस्टर खोलीच्या दारात आली आणि तिथेच पदर नाकाला लावून उभी राहिली. "अगं बाई! हिंग कुणी सांडला?"

"कुठे? मला तर काहीच..." सर म्हणाले.

सिस्टरने त्यांच्याकडे नीट बघितलं. "सर, तुम्हाला सर्दी झालीये."

* * *

बबनभाऊंचा वास मात्र झकास परत आला. एका सकाळी त्यांच्या बायकोचाच फोन आला, एकदम हळू आवाजात.

"म्याडम, आधी ह्ये ताटात पडंल ते गुमान खायाचे. आता म्हन्त्यात, डाळ लागलीय, त्याल जुनं हाय, भाकरीला धुराचा वास येतोय. एक इचारू का?"

"विचारा ना."

"त्ये थोडं परत बंद करता येतं का?"

मी खो खो हसले. फोन ठेवला आणि त्या दिवशीच्या यादीत पहिलंच नाव दळवीनानांचं होतं. हसू तिथेच थांबलं.

"वास येतो का, नाना?"

"लिहा, नाही."

कधी कधी ते उलट मलाच धीर द्यायचे. "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? महेश शिकतोय. परवाची कढई बरी उतरली." पण बरी म्हणताना त्यांचा आवाज कसा पडायचा ते मला ऐकू यायचं. खरं सांगते, त्यांना फोन करायचा दिवस मला नकोसा व्हायला लागला. सरांना म्हटलं, "एखादा महिना गाळू या का?" सर म्हणाले, "नको. ते वाट बघत असतात."

* * *

वर्ष झालं. नानांना शेवटचा फोन करायचा दिवस दिवाळीच्या आदल्या शनिवारी आला. लोणावळ्यात पाऊल ठेवायला जागा नाही. मागे गिऱ्हाइकांचा गलका, गाड्यांचे हॉर्न.

"नाना, गर्दीत आहात. नंतर करू का?"

"छे हो! विचारा, काउंटरवरच बसलोय. ओ ताई, शेंगदाण्याची की तिळाची? हां मॅडम, बोला."

नाक चोंदतं का? नाही. डोकं? नाही. झोप? उत्तम. मग शेवटचा प्रश्न. मी विचारलं, "आणि वास येतो का, नाना?"

"लिहा, नाही. अर्धा किलोचं पाकीट त्या बरणीमागे बघा, ताई. हां, तर मॅडम, यापुढे तुम्ही फोन..."

ते एकदम थांबले.

"हॅलो? नाना?"

"महेश!" माझ्या कानाचा पडदा फाटायचा राहिला. "महेश, उतरव!"

लांबून, आतून महेशचा आवाज आला, "अहो नाना, अजून वेळ आहे!"

"उतरव म्हणतो ना! पुढे चाललाय! उतरव!"

फोन काचेवर आपटला. स्टूल पडल्याचा आवाज झाला. बाई विचारत राहिल्या, "अहो काका, माझे सुटे?" मग दार आपटलं, लोखंडावर लोखंड घासलं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसले होते. वंदना सिस्टर समोर येऊन "काय झालं, काय झालं" अशा खुणा करत होती.

शेवटी कुणीतरी फोन उचलला. महेश होता. "मॅडम, धरा हं... नाना, या मॅडम अजून फोनवर आहेत, काय सांगू?"

लांबून नानांचा खणखणीत आवाज आला.

"सांग, नंतर फोन करा म्हणावं. मी कढईपाशी आहे!"